विहिरीवरच्या मोटरीची कुळकथा

श्रोतेहो, विजेविषयी बोलायचे म्हटले की पुष्कळजण आकाशातल्या विजेपासून सुरुवात करतात. मी आपल्या विहिरीपासून करणार आहे. विहिरीवर किंवा नदीकाठच्या पंपघरात जी मोटर असते, तिच्या अंगावर एक लहानशी धातूची पट्टी बसवलेली असते. अश्वशक्ती किती, व्होल्ट किती, अँपिअर किती, असे आकडे तिच्यावर असतात. त्यांतच मिनिटाला किती फेरे हाही आकडा असतो. कुठे तो १४४० असतो, कुठे २८८०, कुठे त्याच्या थोडा मागेपुढे. पण नेमका १५०० किंवा नेमका ३००० काही आढळत नाही. का बरे? कारखानदाराला गोल आकड्याचे वावडे आहे की काय?

दुसरा प्रश्न माझा नव्हे, आमच्या चुलत्यांचा. एका उन्हाळ्यात त्यांची मोटर जळाली. तीन तारांपैकी एका तारेतली वीज गेली होती; मोटर घुं घुं असा आवाज काढीत चालूच होती, म्हणून त्यांनी ती बंद केली नाही. तासाभरात वाइंडिंगचा वास सुटला. मोटर पुन्हा भरून यायला बारा दिवस लागले आणि तेवढ्यात अर्धा एकर ऊस करपला. मी गावी गेलो तेव्हा त्यांनी मला समोर बसवून विचारले, “अरे, तू कॉलेजात हेच शिकवतोस ना? मग सांग बघू. तीनातल्या दोन तारा जिवंत होत्या. मोटर हळू चालली असती, बंद पडली असती, तर समजू शकलो असतो. जळाली कशी?”

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते, पण एका वाक्यात समजत नाही. त्यासाठी या मोटरीची कुळकथा ऐकायला हवी. ती कथा सुमारे सत्तर वर्षांची आहे, इ. स. १८२० पासून १८९१ पर्यंतची.

१८२० साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगन येथे ओर्स्टेड नावाचे प्राध्यापक होते. तारेतून विजेचा प्रवाह सोडला की जवळ ठेवलेल्या होकायंत्राची सुई हलते, असे त्यांना आढळले. वीज वेगळी आणि चुंबक वेगळा, असे तोवर धरून चालत असत. त्या दिवसापासून दोघांचे नाते जुळले. विजेपासून चुंबकत्व मिळते, मग चुंबकापासून वीज का मिळू नये? हा उलटा प्रश्न युरोपातल्या अनेक विद्वानांना पडला. त्याचे उत्तर मिळाले ते एका लोहाराच्या मुलाला.

त्याचे नाव मायकेल फॅरेडे. जन्म १७९१ चा, लंडनजवळचा. शाळा बेताचीच झालेली. पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात तो सात वर्षे उमेदवारी करीत होता. बांधायला आलेली पुस्तके वाचता वाचता त्याला विज्ञानाची गोडी लागली. १८१२ साली त्याने सर हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, ती सुवाच्य अक्षरांत उतरवली, स्वतः त्यांचे पुस्तक बांधले आणि ते डेव्हींकडे पाठवून दिले. पुढच्याच वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला मदतनिसाची जागा मिळाली. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी. ऐकलेले नीट उतरवून काढण्याची सवय माणसाला कुठवर घेऊन जाते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरेडेने लोखंडाच्या एका कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. पहिल्या वेटोळ्याला विजेची बॅटरी जोडली. दुसऱ्याच्या तारेजवळ चुंबकसुई ठेवली. त्याची अपेक्षा अशी की पहिल्यात प्रवाह वाहतो आहे तोवर दुसऱ्यातही वाहावा. तसे झाले नाही. बॅटरी जोडली त्या क्षणी सुई थरथरली आणि पुन्हा जागेवर आली. बॅटरी तोडली त्या क्षणी ती उलट्या बाजूला हलली आणि पुन्हा थांबली. मधल्या वेळात काही नाही! ऑक्टोबरमध्ये त्याने पोकळ वेटोळ्यात लोहचुंबक आत-बाहेर करून पाहिला. चुंबक आत जाताना प्रवाह एका दिशेने, बाहेर येताना उलट्या दिशेने. चुंबक आत नुसता ठेवून दिला तर प्रवाह शून्य.

श्रोतेहो, आजच्या भाषणातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा: चुंबकत्व असून भागत नाही, ते बदलत राहावे लागते, बदल थांबला की वीज थांबली. या एका वाक्यावर जगातली बहुतेक वीजघरे आणि आपल्या विहिरीवरची मोटर उभी आहे.

आता चुंबक आत-बाहेर केला की वीज आलटून पालटून दोन्ही दिशांना वाहणार, हे ओघानेच आले. १८३२ साली पॅरिसमध्ये पिक्सी नावाच्या कारागिराने हाताने चुंबक फिरवण्याचे यंत्र बनवले. हे एक पहिलेवहिले जनित्र. त्यातून जी वीज निघाली ती उलटसुलट वाहणारी. इंग्रजीत तिला ‘ए. सी.’ म्हणतात, पुस्तकी मराठीत प्रत्यावर्ती प्रवाह. पण गंमत पाहा. निसर्गाने आपण होऊन दिलेली ही वीज कोणालाच नको होती! बॅटरीची एका दिशेने वाहणारी वीज सगळ्यांच्या ओळखीची होती, म्हणून यंत्राला एक फिरता अडसर बसवून उलटा प्रवाह सुलटा करून घेण्यात आला. पुढची पन्नास वर्षे बहुतेक जनित्रे एकमार्गी वीज देणारीच, म्हणजे ‘डी. सी.’ होती.

४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनने न्यूयॉर्क शहरात पर्ल स्ट्रीट येथे आपले वीजघर सुरू केले, तेही एकमार्गी विजेचेच. सुमारे ११० व्होल्टची ही वीज आसपासच्या लहानशा टापूतच पुरत असे. त्यापलीकडे ती नेणे परवडत नसे. का परवडत नसे, हे जरा हिशेबाने पाहू.

पाटाचे पाणी जसे वाटेत मुरते तशी वीजही तारेत मुरते. तिची तिथे उष्णता होते. ही नासाडी प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट तर नासाडी चौपट, प्रवाह दसपट तर नासाडी शंभरपट. समजा १०,००० वॅट शक्ती दूर पाठवायची आहे आणि जाऊन-येऊन तारेचा विरोध १ ओहम आहे. १०० व्होल्टने पाठवली तर १०० अँपिअर प्रवाह लागेल आणि तारेतली नासाडी होईल १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० वॅट. जेवढी पाठवली तेवढी सगळी वाटेतच संपली! तीच शक्ती १,००० व्होल्टने पाठवली तर प्रवाह लागतो फक्त १० अँपिअर आणि नासाडी होते १०० वॅट. शंभरातला एक भाग. दाब वाढवा, प्रवाह कमी करा, इतकाच हा मंत्र आहे. पण हजारो व्होल्टची तार घरात आणली तर माणसे मरतील. म्हणून वाटेत दाब चढता हवा आणि दाराशी उतरता हवा.

एकमार्गी विजेचा दाब असा सहजासहजी चढवता-उतरवता येत नव्हता. उलटसुलट विजेचा मात्र येतो. फॅरेडेचे ते लोखंडी कडे आठवा. पहिल्या वेटोळ्यातला प्रवाह सतत बदलता ठेवला तर दुसऱ्यात सतत वीज येत राहील. दुसऱ्याचे वेढे दसपट केले तर दाब दसपट, दहाव्या हिश्श्याने ठेवले तर दाब दहावा हिस्सा. हेच रोहित्र, आपण ज्याला ट्रान्सफॉर्मर किंवा गावाकडे नुसते ‘डीपी’ म्हणतो ते. १८८५ साली हंगेरीत बुडापेस्ट येथील झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि देरी या तीन अभियंत्यांनी त्याला पक्के व्यवहारी रूप दिले. १८८६ साली अमेरिकेत स्टॅन्ली यांनी त्याच्या बळावर एका गावात दिवे लावून दाखवले. गावाबाहेर खांबावर जे गुरगुरत असते त्यात कुठलाही भाग फिरत नाही. फिरतो तो फक्त आतला चुंबकत्वाचा कल, सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट.

मग उलटसुलट वीज लगेच जिंकली असेल, असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही. तिच्यावर दिवे लागत होते, पण चालण्याजोगी मोटर नव्हती. एडिसनच्या एकमार्गी विजेवर मोटर चालत होती, बॅटरी भरता येत होती. म्हणून एडिसनला हटवादी म्हणून सोडून देणे बरोबर नाही. त्याच्या बाजूला व्यवहार होता. पुढे मात्र हा वाद फार खालच्या पातळीवर गेला. उलटसुलट वीज किती घातक आहे हे दाखवण्यासाठी तिच्यावर जनावरे मारण्याचे जाहीर प्रयोग झाले. ६ ऑगस्ट १८९० रोजी न्यूयॉर्क राज्यात विजेच्या खुर्चीवर पहिली देहदंडाची शिक्षा झाली, तीही याच विजेने.

वादाचा निकाल लागला तो मात्र फिरत्या चुंबकामुळे. निकोला टेस्ला हा सर्ब घराण्यातला तरुण, १८५६ साली आजच्या क्रोएशियात स्मिल्यान गावी जन्मलेला. १८८२ साली बुडापेस्टच्या बागेत मित्राबरोबर फिरत असताना त्याला एक कल्पना सुचली आणि काडी घेऊन त्याने ती वाळूत काढून दाखवली, असे त्यानेच पुढे लिहून ठेवले आहे. कल्पना अशी: चुंबक हाताने फिरवायचाच नाही. गोलाकार जागेत वेटोळी बसवायची आणि त्यांना थोड्या थोड्या अंतराने मागेपुढे चढणाऱ्या-उतरणाऱ्या विजा द्यायच्या. वेटोळी जागच्या जागी, पण त्यांचे चुंबकत्व एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे गोल फिरत राहील. न दिसणारा चुंबकच फिरतो आहे, असे समजा. इटलीत ट्युरिन येथे गॅलिलिओ फेरारिस यांनाही स्वतंत्रपणे हेच सुचले होते. मार्च १८८८ मध्ये त्यांनी ते जाहीर केले, मे महिन्यात टेस्लाला अमेरिकेत त्याची पेटंटे मिळाली. फेरारिसांनी पेटंट घेतले नाही.

या फिरत्या चुंबकत्वाच्या मधोमध ठेवायचे काय? तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या कांड्यांचा पिंजरा, दोन्ही टोकांना कड्यांनी जोडलेला. त्याला बाहेरून एकही तार येत नाही. चुंबकत्व त्याच्या भोवती फिरते, म्हणजे त्याच्या दृष्टीने बदलते. बदलले म्हणून फॅरेडेच्या नियमाने कांड्यांत वीज उपजते. वीज उपजली म्हणून पिंजराच चुंबक बनतो आणि फिरत्या चुंबकत्वामागे ओढला जातो. पिंजऱ्याची मोटर ती हीच. १८८९ च्या सुमारास जर्मनीत काम करणाऱ्या डोलिवो-डोब्रोवोल्स्की या रशियन अभियंत्याने तिला आजचे रूप दिले आणि तिच्यासाठी तीन विजांची पद्धत पक्की केली. पुस्तकात तिला त्रिकला म्हणतात, आपण थ्री फेज म्हणतो.

तीनच का? आमच्या आजीच्या अंगणातले उखळ मला इथे आठवते. तीन बायका एकाच उखळात कांडायला उभ्या राहत. एकीचे मुसळ खाली, दुसरीचे वर जाते आहे, तिसरीचे वरून येते आहे. मुसळे एकमेकांवर आपटत नाहीत आणि उखळ क्षणभरही रिकामे राहत नाही. थ्री फेजचेही तसेच आहे. एक वीज उतरते तेव्हा दुसरी चढते, तिघींची मिळून शक्ती अखंड सारखी राहते. शिवाय तिघींचे जाणे-येणे एकमेकींत भागते, म्हणून सहा तारांऐवजी तीन पुरतात. तांबे वाचते ते वेगळेच. आणि तीनांपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली तर चुंबकत्व उलटे फिरू लागते, मोटरही उलटी फिरते. वायरमनने तारा बदलून मोटरीची दिशा सुधारलेली आपण पाहिलीच असेल.

१८९१ च्या ऑगस्टमध्ये याची जगापुढे परीक्षा झाली. जर्मनीत नेकार नदीवर लाउफेन गाव आहे. तिथल्या पाण्यावर निर्माण केलेली थ्री फेज वीज सुमारे १५,००० व्होल्ट दाबाने १७५ किलोमीटरवरच्या फ्रँकफर्ट शहरी प्रदर्शनात नेली. पाठवलेल्या शक्तीतला सुमारे तीन-चतुर्थांश भाग पोहोचला. तिथे तिने हजारभर दिवे लावले आणि एक मोटर चालवली. मोटर काय करीत होती, ठाऊक आहे? पाणी उपसत होती! प्रदर्शनातल्या कृत्रिम धबधब्याचे पाणी ती वर चढवीत होती. म्हणजे नदीचे पाणी तिकडे पडले आणि दूरच्या गावी दुसरे पाणी वर चढले. आपल्या विहिरीवरच्या मोटरीची ही पणजीच म्हणायची.

पुढचा इतिहास झपाट्याने झाला. १८९६ मध्ये नायगाराच्या धबधब्याची वीज बफलो शहरात पोहोचली. आपल्या देशात १९०२ साली कावेरीवरच्या शिवसमुद्रमहून कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे वीज गेली, अंतर सुमारे १४७ किलोमीटर. आणि १९१५ साली आपल्या सह्याद्रीत तेच घडले. लोणावळ्याच्या माथ्यावरच्या तलावांचे पाणी सतराशे फुटांहून अधिक खाली खोपोलीला उतरले आणि तिथली वीज सुमारे एक लाख व्होल्ट दाबाने मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली.

पण श्रोतेहो, दूर वीज नेता येऊ लागली याचा एक अर्थ असाही झाला की पाणी एकाचे आणि उजेड दुसऱ्याचा. वीज जवळपासच पुरत होती तोवर मुंबईच्या गिरणीसाठी मावळातले शेत बुडवण्याचे कारण नव्हते. तार लांब पोहोचू लागली तेव्हा ते कारण निर्माण झाले. मुळशीच्या धरणाखाली मावळ्यांची गावे जाऊ लागली, म्हणून १९२१ साली मुळशी सत्याग्रह उभा राहिला आणि सेनापती बापट यांनी त्यासाठी तुरुंगवास सोसला. धरण झाले, १९२७ पासून भिरा येथे त्या पाण्यावर वीज निघू लागली. पुढे १९६२ पासून कोयनेची वीज आली, तिथेही गावे उठली. विज्ञानाच्या पुस्तकात तारेतल्या नासाडीचे सूत्र असते. या नासाडीचे नसते. मोटरीचे बटण दाबताना कधीतरी तिचीही आठवण असू द्यावी.

आता आपल्या दोन प्रश्नांकडे वळू. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेरे करते, म्हणजे मिनिटाला ३,०००. मोटरीत चुंबकत्वाची एकच जोडी असेल तर फिरते चुंबकत्व मिनिटाला ३,००० फेरे घेते, दोन जोड्या असतील तर १,५००. पिंजरा त्याच्यामागे धावतो. समजा त्याने चुंबकत्वाला गाठले आणि तोही १,५०० फेरे घेऊ लागला. मग त्याच्या दृष्टीने चुंबकत्व बदलतच नाही. बदल नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून ओढ नाही. तेव्हा त्याने थोडे मागेच राहिले पाहिजे. तेच ते १,४४०, म्हणजे शंभरात चार मागे. कारखानदाराला गोल आकड्याचे वावडे नाही. फॅरेडेने १८३१ साली पाहिलेली गोष्ट त्या पट्टीवर कोरलेली असते, इतकेच.

आणि चुलत्यांचे उत्तर? तीन कांडणाऱ्यांपैकी एक उठून गेली की उरलेल्या दोन तारांत एकच वीज वर-खाली करते. गोल फिरणारे चुंबकत्व मोडते. मोटर बंद असेल तर ती नुसती गुणगुणते, सुरूच होत नाही. चालू असेल तर जवळजवळ आधीच्या वेगाने फिरत राहते. पण पाण्याचा भार काही कमी झालेला नसतो. तो भार ओढण्यासाठी उरलेल्या तारांतून ती पुष्कळ जास्त प्रवाह घेते. प्रवाह वाढला की उष्णता त्याच्या वर्गाने वाढते, हे आपण मघाशीच पाहिले. वाइंडिंग भाजून निघते. म्हणजे “दोन तर आहेत ना” म्हणून मोटर जळत नाही असे नव्हे. दोन असतात म्हणूनच ती जळते. आवाज बदलला, घुमू लागली, की तत्काळ बंद करा. फेज गेला की आपोआप मोटर तोडणारे साधन स्टार्टरला जोडलेले असू द्या आणि ते पिना घालून किंवा तार बांधून निकामी करू नका. सिंगल फेजवर कंडेन्सर लावून थ्री फेजची मोटर रेटणे, हेही याच संकटाला दिलेले आमंत्रण आहे.

शिक्षकांना एक सूचना. पदार्थविज्ञानाच्या खोलीत गॅल्व्हॅनोमीटर असेल. पुठ्ठ्याच्या नळीवर वाइंडिंगच्या बारीक तारेचे दोन-तीनशे वेढे घ्या, टोकांवरचे रोगण खरवडून ती त्याला जोडा आणि मुलांच्या हाती लोहचुंबक द्या. आत, बाहेर आणि स्थिर, तिन्ही वेळी काटा काय करतो ते मुलांनीच पाहू द्या. भिंतीवरच्या विजेला मात्र या प्रयोगात हात लावायचा नाही.

शेवटी, हरलेल्या पक्षाविषयी एक शब्द. एडिसनची एकमार्गी वीज नाहीशी झाली नाही. मुंबईची लोकल १९२५ पासून तिच्यावरच धावली. उलटसुलट विजेवर ती संपूर्णपणे आली २०१६ साली. १९९९ पासून चंद्रपूरहून पडघ्याकडे सुमारे ७५० किलोमीटर वीज येते ती एकमार्गीच, कारण नव्या उपकरणांनी तिचाही दाब चढवता-उतरवता येऊ लागला आहे. आणि शेतात जी सौर पंपाची निळी पाटी उभी राहते तीही एकमार्गी वीजच देते. बऱ्याच पंपांत एक उपकरण तिची थ्री फेज करते आणि मग तीच पिंजऱ्याची मोटर फिरू लागते. वाद कोणी जिंकला, यापेक्षा कोणती वीज कुठे उपयोगी पडते हे ओळखणे महत्त्वाचे.

चुलत्यांना मी हे सारे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “म्हणजे तिच्या आवाजाकडे लक्ष द्यायला हवं होतं, बैलाच्या धापेकडे देतो तसं.” मला वाटते, त्यांना सगळे समजले होते.